न्यू जर्सी ते केप ब्रेटन : आधी कागद, मग ओहोटी, नकाशा शेवटी

न्यू जर्सीहून गाडीने कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांताला आणि त्यातल्या केप ब्रेटन बेटाला जायचं ठरलं की पहिल्यांदा हात जातो तो गुगल मॅपकडे. माझाही गेला होता, पण पंधरा मिनिटांत मी तो बंद केला. या प्रवासात रस्ता हा सगळ्यात सोपा भाग आहे. भारतीय पासपोर्ट, मुदत संपलेला अमेरिकी व्हिसा आणि फंडीच्या उपसागरातली ओहोटी, या तिघांच्या तारखा जुळल्या की बाकीचं जागेवर बसतं. म्हणून मी निघायच्या चार महिने आधी कागदांपासून सुरुवात केली.

घरात कुणाकडे ग्रीन कार्ड असेल तर त्याला एप्रिल २०२२ पासून कॅनडाचा व्हिसा लागत नाही. चालू पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. एच-१बी (नोकरी), एच-४ (त्यांचे कुटुंबीय) किंवा एफ-१ (विद्यार्थी) वर असलेल्या भारतीयाला मात्र व्हिजिटर व्हिसा लागतोच, पासपोर्टात अमेरिकेचा ताजा व्हिसा असला तरी. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, वर बायोमेट्रिकचे, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटोचे, ८५. कुटुंबाने एकत्र अर्ज केला तर बायोमेट्रिकची फी १७० च्या वर जात नाही, आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना ठसे द्यावे लागत नाहीत. आधी कधी दिलेले ठसे दहा वर्षं चालतात. जुना कागद शोधून तारीख पाहा, पैसे वाचतील. पासपोर्टची मुदत वर्ष-दीड वर्षात संपत असेल तर आधी तो नवा करून घ्या. व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे मिळत नाही.

अर्ज ऑनलाइन. पीडीएफ फॉर्म भरायचा असेल तर तो ब्राउझरमध्ये उघडत नाही, ‘प्लीज वेट’ एवढीच ओळ दिसत राहते. तो डाउनलोड करून ॲक्रोबॅट रीडरमध्येच उघडायचा आणि शेवटी ‘व्हॅलिडेट’ दाबायचं. प्रत्येक फाइल ४ एमबीच्या आत हवी. तीन महिन्यांच्या पे-स्लिपा, बँक स्टेटमेंट, आय-७९७ (स्टेटस मंजुरीचं सरकारी पत्र), आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद) आणि कंपनीचं पत्र हे सगळं रंगीत स्कॅन केलं की मर्यादा हमखास ओलांडते. मी काळ्या-पांढऱ्यात १५० डीपीआयवर स्कॅन केलं आणि एकेका विषयाची एकच पीडीएफ जोडली. ‘क्लायंट इन्फर्मेशन’ नावाचा एक ऐच्छिक रकाना असतो. बरेच जण तो रिकामा सोडतात. खरं तर तिथेच एका पानाचं पत्र टाकावं : कोण कोण जाणार, कुठल्या पुलावरून आत, कुठल्या तारखेला बाहेर, रात्री कुठे मुक्काम, खर्च कोणाचा. अधिकाऱ्याच्या मनातल्या निम्म्या शंका तिथेच मिटतात. कुटुंबाच्या माहितीच्या फॉर्मात रिकामी जागा ठेवू नका. लागू नसेल तिथे तसं लिहा आणि सही विसरू नका.

अर्ज गेला की बायोमेट्रिकचं पत्र येतं आणि ठसे द्यायला ३० दिवस मिळतात. अमेरिकेत ते जवळच्या इमिग्रेशन ॲप्लिकेशन सपोर्ट सेंटरवरही देता येतात, त्यासाठी न्यूयॉर्क गाठायची गरज नाही. मंजुरी आल्यावर पासपोर्ट व्हिसा केंद्राकडे कुरियरने पाठवावा लागतो, म्हणजे काही दिवस तो हातात नसतो. त्याच दिवसांत भारतात जायचं ठरलं तर पंचाईत. स्टिकर आला की नाव, पासपोर्ट क्रमांक आणि ‘मल्टिपल’ हा शब्द तिथल्या तिथे वाचून घ्या.

आता परतीचा कागद. पासपोर्टातला अमेरिकेचा व्हिसा संपलेला असला तरी कॅनडाला जाऊन परत येता येतं. या नियमाला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात. अटी मोजक्या आहेत : फक्त कॅनडा किंवा मेक्सिको, मुक्काम ३० दिवस किंवा कमी, आय-९४ ची मुदत चालू, स्टेटस कायम, आणि कॅनडात असताना अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. ही शेवटची अट लोक मोडतात. ‘जातोच आहोत तर हॅलिफॅक्सला स्टॅम्पिंग (पासपोर्टात अमेरिकेचा नवा व्हिसा) उरकू’ असा विचार केला की या नियमाचा आधार सुटतो. व्हिसा अडकला तर तुम्हीही तिकडेच अडकता.

दुसरी गफलत आय-९४ ची. मागच्या वेळी विमानतळावर पासपोर्टची मुदत कमी उरलेली असेल तर आय-९४ त्याच तारखेपर्यंत दिलेलं असतं, आय-७९७ वर पुढची तारीख दिसत असली तरी. म्हणून साइटवरून ताजं आय-९४ काढून दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहिल्या. एक्स्टेन्शन नंतरचं असेल तर आय-७९७ च्या खालच्या भागात नवं आय-९४ असतं. तो तुकडा मूळ स्वरूपात सोबत हवा.

गाडीसाठी रजिस्ट्रेशन, आणि गाडी लीजवर किंवा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं परवानगीपत्र. भाड्याची असेल तर करारात कॅनडाची परवानगी लिहून घ्या. विमा कंपनीला फोन करून कॅनडासाठीचं नॉन-रेसिडेंट इन्शुरन्स कार्ड मागायचं. आपली पॉलिसी बहुधा तिथे चालतेच. पण नोव्हा स्कोशियात किमान लायबिलिटी ५ लाख डॉलर आहे, आणि त्या प्रांताची मर्यादा कंपनीला मान्य आहे हे हे कार्ड सांगतं. मुलांसोबत एकच पालक असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र.

इथून पुढे ओहोटी. न्यू ब्रन्सविकमधल्या होपवेल रॉक्सला भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरपर्यंत जातो, चार मजली इमारतीएवढा. ओहोटीच्या वेळेआधी सुमारे तीन तास ते नंतर साधारण दोन तास समुद्राच्या तळावर, त्या कुंडीसारख्या खडकांमधून चालता येतं. भरतीला तिथेच कायाक (छोट्या वल्ह्याच्या होड्या) फिरत असतात. ओहोटीपासून भरतीपर्यंत सव्वासहा तास लागतात आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात किनाऱ्यावर वाढलेल्याला हे गणित शिकवायला नको, फक्त इथे चूक महाग पडते. मी सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान ओहोटी असलेले दिवस शोधले. म्हणजे संध्याकाळी चार-पाचला भरती, आणि एकाच दिवसात दोन्ही रूपं. असे लागोपाठ दोनच दिवस हाती येतात, नंतर पंधरवडाभर थांबा. तो दिवस पक्का केला आणि पुढची-मागची हॉटेलं त्याच्या दोन्ही बाजूंना बसवली. वेळापत्रक अटलांटिक वेळेत आहे ना, हेही बघा. ती न्यू जर्सीच्या एक तास पुढे असते, आणि काही ॲप आपल्या फोनच्या वेळेनुसार आकडे दाखवतात. बूट जुने न्या, तिथला तांबूस चिखल जाता जात नाही.

मार्ग असा. न्यू जर्सीतलं एडिसन ते मेन राज्यातलं बँगोर सुमारे ४७० मैल, थांबे धरून नऊ तास. पहिला मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी रूट ९ ने सीमेवरचं कॅले, सुमारे ९५ मैल. हा रस्ता जंगलातून जातो, पंप तुरळक, फोनला रेंज नसल्यात जमा. टाकी बँगोरला भरावी, कारण कॅनडात पेट्रोल महाग, आणि वाटेतल्या तिन्ही प्रांतांत (न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड, नोव्हा स्कोशिया) दरावर सरकारी नियंत्रण असल्याने स्वस्त पंप शोधत फिरण्यात अर्थ नाही. सीमेवर गावातल्या जुन्या पुलाऐवजी इंटरनॅशनल ॲव्हेन्यूचा नवा पूल घ्या, तो थेट रूट १ ला लागतो. पलीकडे न्यू ब्रन्सविकमधलं सेंट स्टीफन. पूल ओलांडताच घड्याळ तासभर पुढे, म्हणजे चारचे पाच, आणि सेंट जॉनच्या हॉटेलात पोचायला उशीर. वेगाची पाटी ११० दिसली की दचकू नका, ते किलोमीटर आहेत, सुमारे ६८ मैल.

प्रिन्स एडवर्ड आयलंडला एक रात्र पुरते. जायला १९९७ चा १२.९ किलोमीटरचा कॉन्फेडरेशन ब्रिज. टोल फक्त बेटावरून बाहेर पडताना घेतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तो ५० डॉलर २५ सेंटवरून २० वर आणला. मी पुलाने आत आणि वुड आयलंड्सच्या फेरीने बाहेर असं धरलं. सव्वा तासात नोव्हा स्कोशिया, आणि केप ब्रेटनचा रस्ताही जवळ पडतो. पुलाचे कठडे इतके उंच आहेत की सेडानमधून समुद्र फारसा दिसत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

कॅबट ट्रेल हा केप ब्रेटनच्या उत्तर भागाला २९८ किलोमीटरचा वळसा घालणारा रस्ता आहे. न थांबता पाच-सहा तासांत होतो, पण मी त्याला दोन रात्री दिल्या : इंगोनिश आणि शेटिकँप. दिशा घड्याळाच्या उलट. गाडी उजव्या बाजूने चालते, त्यामुळे समुद्र सतत आपल्या लेनच्या बाजूला राहतो, व्ह्यू-पॉइंटला वळताना समोरची लेन ओलांडावी लागत नाही आणि संध्याकाळ पश्चिम किनाऱ्यावर येते. ज्याला उंचीची भीती वाटते त्याने मात्र घड्याळाच्या दिशेने, डोंगराच्या कुशीतून जावं. नॉर्थ माउंटनच्या उतारावर ब्रेक दाबून धरू नका, तापतात. गिअर खाली आणा. टाकी बॅडेकला भरा. ऑफलाइन नकाशे उतरवून ठेवा. आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. मूस, म्हणजे तिथलं अवाढव्य हरीण, रस्त्यावर येतो तो नेमका पहाटे आणि तिन्हीसांजेला. अंग काळपट, पाय इतके लांब की डोळे हेडलाइटच्या झोताच्या वर राहतात आणि चमकत नाहीत. धडक बसली तर धड थेट काचेवर येतं.

सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा रंगांसाठी उत्तम, पण तेव्हाच केप ब्रेटनवर सेल्टिक कलर्स हा संगीत महोत्सव असतो आणि खोल्या उडतात. शिवाय वादळांचा मोसम. २४ सप्टेंबर २०२२ ला फियोना वादळाने हाच किनारा झोडपला होता. म्हणून सगळी बुकिंग रद्द करता येतील अशीच घेतली. जून-जुलैत फंडीच्या काठावर धुकं दाट असतं.

शाकाहारी मंडळींसाठी एक शब्द : ‘हाउसकीपिंग कॉटेज’. या भागात त्याचा अर्थ साफसफाई होणारी खोली असा नसून, शेगडी-भांड्यांसकट स्वयंपाकघर असलेली झोपडीवजा खोली असा आहे. छोटा कुकर, पोहे, मेतकूट आणि गोडा मसाला एवढ्यावर आठवडा निघतो. बाहेर खाताना विचारून घ्या : चाउडरमध्ये (दाट सूप) मासे नसले तरी बेकन असू शकतं, पूटीनच्या (चीज घातलेले बटाट्याचे फ्राइज) ग्रेव्हीत मांसाचा रस्सा. मॉन्क्टन आणि हॅलिफॅक्सला भारतीय किराणा मिळतो, केप ब्रेटनवर सिडनी शहरात.

परतीला हॅलिफॅक्स, पेगीज कोव्ह आणि लुनेनबर्ग करून डिग्बीहून सेंट जॉनची फेरी. सव्वादोन तास लागतात. रस्त्याने वळसा सहाशेच्या आसपास किलोमीटरचा. बुकिंगमध्ये गाडीची उंची विचारतात, छतावरचा बॉक्स धरून मापा. पेगीज कोव्हला काळ्या ओल्या खडकांवर पाऊल ठेवू नका. मोठी लाट कोरडे भागही न सांगता गाठते.

सीमेवर जाताना पेपर स्प्रे काढून ठेवा, किल्लीच्या जुडग्यातला सुद्धा. कॅनडात तो बंदी असलेल्या शस्त्रांत मोडतो. शेकोटीची लाकडं कुठूनही कुठे नेऊ नका. गांजा तिकडे कायदेशीर असला तरी सीमा ओलांडून नेणं कायदेशीर नाही. खाण्याचं जे काही आहे ते तोंडाने सांगून टाका. परतताना खिडकीतून पासपोर्ट, आय-७९७ आणि आय-९४ याच क्रमाने द्या आणि ‘ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन’ हे दोन शब्द स्वतःहून उच्चारा. कॅनडात विकत घेतलेली ताजी संत्री-लिंबं अमेरिकेत नेऊ देत नाहीत. पोह्यांसाठी आणलेली उरली असतील तर सेंट स्टीफनच्या अलीकडेच सरबत करून संपवा.