किटफॉक्सची प्रगती: टाकीच्या तोंडाशी ठिणगी नको

मी किटमधून बांधत असलेल्या किटफॉक्स या छोट्या विमानाच्या दोन्ही पंखांतल्या इंधनाच्या टाक्या बसल्या, गळतीची चाचणीही झाली. आता पंखांवर कापड चढवण्याआधी एक काम उरकायला हवं होतं: टाकीच्या तोंडापासून सांगाड्यापर्यंत बाँडिंगची तार, म्हणजे इंधन भरताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून धातूचे भाग एकमेकांना जोडणारी तार. कापड चढलं की तिथे हात पोचत नाही.

ज्यांच्याकडे सेसना १७२ सारखं सगळं ॲल्युमिनिअमचं विमान आहे, त्यांना याची फिकीर फारशी करावी लागत नाही. एक्झॉस्टला किंवा विमान बांधून ठेवायच्या (टाय-डाउन) कडीला तारेचा क्लॅम्प लावला की टाकी, पंख, इंधनाचं तोंड सगळं एकाच धातूत जोडलेलं असतं. किटफॉक्सच्या टाक्या फायबरग्लासच्या. तोंडाची कडी ॲल्युमिनिअमची, पण ती फायबरग्लासमध्ये चिकटवलेली. मल्टिमीटरचं एक टोक कडीला आणि दुसरं सांगाड्याच्या उघड्या पोलादाला लावलं, तर जोडणीच नाही. म्हणजे एक्झॉस्टला क्लॅम्प लावून इंधन भरलं असतं तरी नोझल जिथे टेकतो ती कडी विद्युतदृष्ट्या अधांतरीच राहिली असती. लाँग-ईझीसारखी कंपोझिट विमानं बांधणाऱ्यांना हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. ट्यूब आणि कापडाच्या विमानवाल्यांमध्ये त्याची चर्चा कमी होते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आकडे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की पेटू शकते. टाकीच्या आत मिश्रण बऱ्याचदा याहून दाट असतं, पण तोंडाशी ते बाहेरच्या हवेत विरत जातं आणि कुठेतरी नेमकं या पट्ट्यात येतंच. ते पेटायला लागते जेमतेम पाव मिलिज्यूल ऊर्जा. माणसाच्या अंगाची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण १५० पिकोफॅरड धरा. ३,००० व्होल्टला तिच्यात ०.७ मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते. बोटाला ठिणगी जेमतेम जाणवू लागते ती याच सुमाराला. म्हणजे जी ठिणगी जाणवली, ती आधीच पुरेशी मोठी आहे.

तारेसाठी कल्हई केलेल्या तांब्याची चपटी वेणी वापरली. कडीपासून पुढच्या स्पारपर्यंत (पंखाच्या मुख्य दांड्यापर्यंत) एक तुकडा, टाकीच्या निर्गमाजवळच्या जाळीच्या फिटिंगपासून दुसरा, आणि पंखाच्या बिजागरीवरून सांगाड्यापर्यंत तिसरा. किटफॉक्सचे पंख मागे दुमडतात, त्यामुळे तिसरा तुकडा मुद्दाम सैल ठेवलाय. प्रत्येक जोडाखाली प्रायमर खरवडून उघडा धातू काढला, रिंग लग घट्ट आवळला आणि वरून सीलंट लावलं, नाहीतर तांबं-ॲल्युमिनिअमच्या सांध्यात गंज धरतो. आता कडी ते सांगाडा एक ओहमपेक्षाही कमी दाखवतंय. स्थिर विद्युत वाहून जायला एक मेगाओहमपर्यंतही चालतं, पण अख्ख्या धातूच्या जोडणीत दहा ओहमच्या वर आकडा गेला तर कुठेतरी सांधा सैल किंवा गंजलेला आहे असं एनएफपीए ७७ (स्थिर विद्युतबद्दलची अमेरिकन अग्निसुरक्षा मार्गदर्शिका) सांगतं. म्हणून दरवर्षीच्या तपासणीत हे मोजमाप धरलंय.

आता इंधन. माझं इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस. फायबरग्लासच्या रेझिनला इथेनॉल सोसत नाही म्हणून बिनइथेनॉलचं पेट्रोल घेतो. यातली दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही: इथेनॉलमुळे पेट्रोलची विद्युतवाहकता बरीच वाढते, ते काढलं की वाहताना इंधनात तयार झालेला विद्युतभार जास्त वेळ टिकतो. ढोबळ हिशोब सोपा आहे. १८ ला पिकोसीमेन्स प्रति मीटरमधल्या वाहकतेने भागलं की भार ओसरण्याचा काळ सेकंदांत मिळतो. वाहकता ५० असेल तर अर्ध्या सेकंदाच्या आत, १ असेल तर १८ सेकंद. म्हणून बारीक गाळणीतून आलेल्या इंधनाला अर्धा मिनिट निवांत मिळणं फायद्याचं.

याच कारणाने प्लास्टिकचं नरसाळं आणि त्यात इंधन गाळायचं शॅमॉयचं (मऊ) कातडं, ही जुनी जोडी मी हँगरमधून कायमची काढून टाकली. गाळणीत भार सर्वात जास्त तयार होतो आणि प्लास्टिक त्याला जायला वाट देत नाही. आता काळ्या, विद्युतवाहक प्लास्टिकचं गाळणीवालं नरसाळं आहे. मल्टिमीटरवर ते काही किलोओहम दाखवतं, म्हणजे पुरेसं. कॅन धातूचा. प्लास्टिकच्या कॅनला क्लॅम्प लावून काही साधत नाही, कारण भार प्लास्टिकच्या पृष्ठभागावरच अडकून राहतो.

पंख वर असल्यामुळे शिडी लागते, आणि माझी शिडी फायबरग्लासची. त्यात रबरी तळव्यांचे बूट. विस्कॉन्सिनच्या कोरड्या हिवाळ्यात फ्लीसचं जॅकेट घालून वर चढलं की अंगावरच्या भाराला जमिनीत जायला वाटच नाही. म्हणून क्रम पक्का: विमान हँगरबाहेर, मास्टर स्विच (विमानाची वीज) बंद, आधी तार विमानाला, मग कॅनला, उघड्या हाताने सांगाड्याच्या धातूला स्पर्श, मगच झाकण. ओतताना नरसाळं कडीला टेकलेलं. तार सगळ्यात शेवटी निघते. सांडलेलं पेट्रोल पॉलिएस्टरच्या कापडावर कोरड्या फडक्याने घासायचं नाही.

बारामती किंवा कोकणातल्या मंडळींसाठी एक गोष्ट. दमट हवेत कपड्यांवरचा आणि अंगावरचा भार लवकर ओसरतो हे खरं, पण गाळणीतून वाहणाऱ्या पेट्रोलला बाहेरच्या दमटपणाशी देणंघेणं नसतं. पावसाळ्यातही तार हवीच. जमिनीत खुंटी ठोकून अर्थिंग करण्यापेक्षा विमान आणि कॅन एकमेकांना जोडणं जास्त महत्त्वाचं. विमानात इंधन भरण्याबद्दलच्या एनएफपीए ४०७ या मानकाचा भरही त्यावरच आहे.

अग्निशामक बदलला. एबीसी पावडर ॲल्युमिनिअम खाते, त्यामुळे पर्पल-के (पोटॅशियम बायकार्बोनेटची पावडर) घेतलाय.

पुढचं काम कापड, आणि मग इंधनाच्या प्रवाहाची चाचणी. रोटॅक्स टेक-ऑफला ताशी २७ लिटर पितं. गुरुत्वाने येणाऱ्या इंधनासाठी त्याच्या दीडपट, म्हणजे ताशी चाळीसेक लिटर प्रवाह मिळायला हवा. त्या चाचणीत पेट्रोल उलट्या दिशेने, विमानातून कॅनमध्ये उतरणार. त्यासाठी नळीच्या टोकाला धातूची फिटिंग आणि तिच्यापासून कॅनपर्यंत वेगळी तार आत्ताच करून ठेवली आहे.