तुम्ही विचारलंत म्हणून: ती स्क्रिप्ट मी का काढत नाही

लिनक्स लॅपटॉप झोपेतून उठला की वायफाय गायब. अशी तक्रार आली की मी एक छोटी स्क्रिप्ट टाकून देतो: लॅपटॉप झोपण्याआधी वायफायचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) काढायचा, उठल्यावर परत घालायचा. मग ठरलेला प्रश्न येतो, "हा जुगाड कशाला? मूळ बग शोध ना!"

अहो, शोधतो की! एस-३ नावाच्या गाढ झोपेत रॅम सोडून जवळजवळ सगळ्याची वीज जाते, त्यात वायफायच्या चिपमधलं फर्मवेअरही, म्हणजे चिपचा स्वतःचा प्रोग्रॅमही, पुसलं जातं. उठल्यावर ड्रायव्हरने ते पुन्हा चढवायचं. पण चिपच जागी झाली नसेल तर? ड्रायव्हरवाले म्हणतात बायोसचा (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमचा) दोष, बायोसवाले ड्रायव्हरकडे बोट दाखवतात. मी कोणाच्या दारात बसू?

एके काळी मीही तुमच्याच बाजूचा होतो. असल्या मलमपट्ट्यांमुळेच बग वर्षानुवर्षं राहतात, असं ऐकवायचो. म्हणून मावसबहिणीच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, पण स्क्रिप्ट मुद्दाम टाकली नाही.

तिची ऑनलाइन मुलाखत होती. ऐन वेळी स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला, म्हणून ती झाकण मिटून आतल्या खोलीत गेली. उघडते तर नेटवर्कची यादी कोरी. मी फोनवरून कमांड सांगू लागलो. वायफाय बंद केलंय का ते दाखवणाऱ्या आरएफकिलमध्ये काहीच अडवलेलं नव्हतं. आयडब्ल्यूएलवायफाय हा इंटेलच्या वायफायचा ड्रायव्हर काढायला गेलो तर 'वापरात आहे'. मग आधी त्याच्यावर बसलेला दुसरा भाग, आयडब्ल्यूएलएमव्हीएम, काढ म्हटलं. "दादा, एम की एन?" काढलं, घातलं, फरक शून्य. जोडलेल्या कार्डांची यादी देणाऱ्या एलएसपीसीआयमध्ये वायफाय कार्डाच्या ओळीत 'रेव्ह एफएफ' दिसतंय म्हणाली आणि माझ्या पोटात गोळा आला. कार्ड बसवर, म्हणजे त्याला मदरबोर्डशी जोडणाऱ्या वाटेवर, उत्तरच देत नव्हतं. जे वाचावं त्यातला प्रत्येक बिट १. आता रीस्टार्ट न करता एकच उपाय उरला होता, कार्ड यादीतून काढायला त्याच्या 'रिमूव्ह' फाइलमध्ये १ लिहायचा, मग ते पुन्हा शोधायला 'रीस्कॅन'मध्ये १. मी कार्डाचा पत्ता सांगत होतो, "शून्य शून्य शून्य शून्य, कोलन, शून्य..."

"दादा, ठेवते." मुलाखत तिने त्याच मोबाइलवरून दिली, उशीला टेकवून.

नंतर तिने विंडोज घातलं. तिथेही डिव्हाइस मॅनेजरमध्ये, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यायची खूण काढावी लागलीच. हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता खरं सांगतो. स्क्रिप्ट असती तर त्या दिवशी वाचलो असतो का? माहीत नाही. बसवरून पडलेलं कार्ड ड्रायव्हर परत घालून उठत नाही. झोपण्याआधीच ड्रायव्हर काढला असता तर कदाचित पडलंही नसतं. आणि ही स्क्रिप्ट दुखणं झाकते हेही खरं. वायफाय चालू झालं की बग कळवायच्या भानगडीत कोण पडतो? मीही नाही.

अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत एस-३ उरलेलीच नाही, फक्त एस-टू-आयडल, म्हणजे वीज पूर्ण न तोडणारी हलकी झोप. तिथे वायफाय बिनबोभाट परत येत असेल तर स्क्रिप्टने फक्त उशीर होतो. पॉवरच्या फोल्डरमधली मेम-स्लीप फाइल उघडून बघा. 'डीप' (म्हणजे एस-३) दिसत नसेल तर स्क्रिप्ट काढून बघा आणि मला कळवा. माझ्या लॅपटॉपवर दिसतं. मी काढणार नाही.