रताळी विकणारा घुमा मुलगा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजात, आठवड्यातून दोन दिवस मी समुपदेशक म्हणून जाते. ग्रंथालयामागची खोली, दोन खुर्च्या आणि ‘घुमा आहे, बघा जरा’ म्हणून धाडलेली पोरं, एवढाच कारभार. दंगा करणारी माझ्याकडे येत नाहीत, ती थेट प्राचार्यांकडे जातात.

हा सायन्स फर्स्ट इयरचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, शाळेत पहिला. इथं पुस्तक इंग्रजी आणि समजावणं कन्नडात. सहामाहीत तीन विषय गेले. “मठ्ठ आहे हो, तोंडच उघडत नाही,” एक लेक्चरर म्हणाले. पहिला आलेला मुलगा चार महिन्यांत मठ्ठ कसा होतो, याचं नवल मात्र कुणालाच वाटलं नव्हतं.

मी रीतसर मानसशास्त्रज्ञ आयसेंकची स्वभाव मोजणारी प्रश्नावली भरून घेतली. १९७५ ची, हो-नाही उत्तरांची. बहिर्मुखतेचे गुण अगदी तळाला. तिच्यातच खोटेपणा पकडणारे प्रश्नही पेरलेले असतात. ‘सगळ्या सवयी चांगल्याच आहेत’, ‘शब्द कधीच मोडला नाही’ या वळणाच्या उत्तरांचे गुण फार चढले, की बाकीची उत्तरंही जपून वाचायची. याचे चढले होते. पण आमच्याकडे ते चढतातच. मॅडमसमोर बसून ‘मी कधी कधी थापा मारतो’ यावर कुठलं पोर ‘हो’ची खूण करणार? हे ठाऊक असूनही फॉर्मवरच्या ‘स्वभाव’ या बोटभर चौकटीत मी ‘अंतर्मुख’ लिहून मोकळी झाले.

वर एरिक्सनही लावला, म्हणजे वयाच्या टप्प्यांनुसार मनाची वाढ मांडणारा मानसशास्त्रज्ञ. शाळेच्या वयात मूल आपल्याला काही जमतं की नाही हे अजमावतं. तो टप्पा यानं मराठी शाळेत झोकात पार केलेला. पुढे साधारण बारा ते अठरा, ‘मी कोण’ हे ठरवण्याची वर्षं. नेमकं तेव्हाच माध्यम बदललं आणि पोरगं पुन्हा ‘मला जमत नाही’ वर घसरलं. मांडणी इतकी चपखल बसली की मी पुढे चौकशीच केली नाही. आईला फोन लावला होता. ती म्हणाली, “असा नव्हता ओ मॅडम, गप बस म्हणायला लागायचं.” आया असं म्हणतातच, म्हणून तेही सोडून दिलं.

मग एकदा आठवडी बाजारात गेले. तांबडी माती लागलेल्या रताळ्यांचा ढीग, मागे मांडी घालून हाच. “तगोरी अक्का, चलो अदावरी!” घ्या अक्का, चांगली आहेत, असं खणखणीत कन्नडात. एका हातानं तागडी उचललेली, दुसऱ्यानं सुट्टे मोजणं चालू. शेजारच्या म्हातारीशी मराठीत थट्टा, गोव्याच्या गिऱ्हाइकाशी कोकणीत घासाघीस. मी दोन मिनिटं उभी राहून बघत होते. त्याची नजर माझ्यावर पडली आणि आवाज गेला. तागडी खाली आली, मान खाली गेली. मी एक किलो मागितलं, त्यानं न बोलता तोलून वर दोन रताळी जास्तीची टाकली.

घरी येऊन मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचं लिखाण पुन्हा काढलं. स्वभावचाचणीवरून प्रत्यक्ष वागण्याचा अंदाज फार कमी बांधता येतो, हे त्यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं. पुढे १९९५ मध्ये युइची शोडा या सहकाऱ्याबरोबर त्यांनी सांगितलं की माणसाचा सारखेपणा ‘असं असेल तर तसं’ या जोड्यांत शोधावा, म्हणजे कुठल्या प्रसंगात तो कसा वागतो यात. एम.ए.ला यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. पण या पोराच्या जोडीतलं ‘असं असेल तर’ म्हणजे खुर्चीत बसलेली मीच असेन, हे सुचलं नव्हतं. अर्थात, बाजारातला तो खरा आणि वर्गातला खोटा असंही म्हणवत नाही. वर्गातलं गप्प बसणंही त्याचंच आहे. आणि तीन विषय गेलेत ते वर्गात, बाजारात नव्हे.

फॉर्मवरचं ‘अंतर्मुख’ मी खोडलं. चौकट अजून रिकामीच आहे. कार्यालयातून दोनदा विचारणा झाली.

पुढच्या खेपेला खोलीत न बसता आम्ही मैदानाच्या कट्ट्यावर बसलो. बराच वेळ तो चपलेनं माती उकरत होता. मग म्हणाला, “मॅडम, रताळी गोड लागली काय?”

लागली, म्हणाले. त्यानं मान हलवली आणि तास संपेपर्यंत पुन्हा गप्प.