तुम्ही विचारलंत म्हणून: स्ट्रॉबेरी बिअरमध्ये कधी घालायची?

मंडईत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे खोके दिसायला लागले की प्रश्न ठरलेला: "घरी स्ट्रॉबेरीची बिअर करायची आहे. फळ उकळताना घालू की नंतर?"

नंतर. पण आधी एक गोष्ट. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, मग ती चार बाटल्यांची हौस का असेना. पुण्यातल्या मायक्रोब्रुअऱ्या वेगळ्या परवान्यावर चालतात. म्हणून मेलबर्नला बसून हे विचारणाऱ्या भाच्यासाठी एक परिच्छेद, आणि पुण्यातल्या ओट्यावर जिंजर बिअर, म्हणजे आलं आंबवून केलेलं सौम्य फेसाळ पेय, त्यात स्ट्रॉबेरी.

भाच्यासाठी: माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या जवाचं) पाणी उकळताना फळ टाकलं की पेक्टिन, म्हणजे जॅमला घट्ट करणारा फळातला पदार्थ, सुटून बिअर गढूळ होते आणि वास जॅमचा येतो. यीस्ट जोरात असतानाही नको, कारण बाहेर पडणारा वायू फळाचा सुवास सोबत घेऊन जातो. हायड्रोमीटरचा (साखर किती उरली ते दाखवणाऱ्या तरंगत्या नळीचा) आकडा सलग तीन दिवस हलला नाही की मग घालायचं. लिटरला १५० ते २०० ग्रॅम, म्हणजे २० लिटरला ३ ते ४ किलो. आधी गोठवून, वितळवून, कुस्करून. गोठताना पेशी फुटतात, त्यामुळे रस लवकर सुटतो. आठवडाभर ठेवायचं आणि आकडा पुन्हा स्थिर झाल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणीच असतं, त्यामुळे मूळ बिअर थोडी कडक हवी.

आता पुणं. आधी विरजण. सातारी आलं घ्या, धुवा, पण सोलू नका. आंबवणारं यीस्ट सालीवरच असतं. नळाचं पाणी उकळून गार करा, नाहीतर क्लोरीन त्याच यीस्टला मारेल. बरणीत २५० मिली पाणी, एक मोठा चमचा किसलेलं आलं, एक मोठा चमचा साखर. तोंडाला मलमलचं फडकं, घट्ट बांधलेलं. चिलटं आत गेली की त्यांच्याबरोबर व्हिनेगरचे जंतूही जातात. रोज तेवढंच आलं आणि साखर घालून ढवळायचं. एप्रिलच्या उकाड्यात तिसऱ्या दिवशी फेस येतो, डिसेंबरच्या थंडीत आठवडा लागतो. आठवड्यानंतरही बुडबुडे नसतील तर आलं बदला. जुनं, फार घासलेलं आलं बहुतेक वेळा दगा देतं.

दोन लिटरसाठी: १.८ लिटर पाण्यात ६० ग्रॅम किसलेलं आलं पंधरा मिनिटं उकळा. गॅस बंद करून १२० ग्रॅम साखर विरघळवा. ३० अंशांच्या खाली, म्हणजे भांड्याला हात लावल्यावर अजिबात कोमट लागणार नाही इतकं गार होऊ द्या, मग गाळा. त्यात दोन लिंबांचा रस, १०० मिली गाळलेलं विरजण आणि ३०० ग्रॅम स्ट्रॉबेरीचा गर. स्ट्रॉबेरी लहान चालेल, पण आतपर्यंत लाल हवी. मोठी, खांद्याला पांढरी राहिलेली फळं दिसायला छान, इथे निरुपयोगी. गर पंच्यातून पिळून गाळा. हे टाळलं तर बाटली उघडताच निम्मं पेय छतावर जातं, कारण गराच्या प्रत्येक कणावर बुडबुडे धरतात.

यानंतर पुष्कळजण मिश्रण दोन दिवस भांड्यात उघडं आंबवतात आणि मग बाटलीत भरतात. मला ते पटत नाही. वरचा वायू हवेत जातो, अल्कोहोल मात्र पेयातच साठतं. थेट बाटलीत भरा.

हिशोब असा. यीस्ट साखर खातं तेव्हा तिच्या वजनाच्या जवळपास निम्मा वायू होतो. वरच्या मिश्रणात लिटरला साधारण ६० ग्रॅम साखर आहे. ती सगळी खाल्ली गेली तर ३० ग्रॅम वायू, आणि दुकानातल्या कोल्ड्रिंकमध्ये असतो लिटरला सात-आठ ग्रॅम. म्हणून बाटली फुटते. यात ३०० ग्रॅम स्ट्रॉबेरीतूनच साधारण १५ ग्रॅम साखर येते, म्हणजे लिटरला सातेक ग्रॅम. बाटली टणक व्हायला तेवढी एकटीच पुरते! लोक फळाकडे चव म्हणून बघतात आणि मूळ कृतीतली साखर तशीच ठेवतात. इथली १२० ग्रॅम गोडव्यासाठी आहे, आंबायला नाही. यीस्टला अर्थात हा फरक कळत नाही, म्हणून त्याला वेळेवर थंडीत ढकलावं लागतं.

बाटली सोड्याची प्लॅस्टिकचीच. सॉसची काचेची बाटली किंवा शोभेची झाकणवाली बाटली नको. वर चार-पाच सेंटिमीटर जागा सोडा, दर काही तासांनी दाबून बघा. न उघडलेल्या सोड्याइतकी टणक झाली की लगेच फ्रिजमध्ये. मार्चमध्ये हे १८ ते २४ तासांत होतं, डिसेंबरात दोन दिवस लागू शकतात. फ्रिजमध्येही आंबणं थांबत नाही, मंदावतं, आठवड्यात संपवा.

लिटरला १७ ग्रॅम साखर खाल्ली गेली की एक टक्का अल्कोहोल होतं. वेळेवर थांबवलेल्या बाटलीत ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं, शून्य नसतं. ज्यांना थेंबही चालत नाही त्यांना, गरोदर बाईला आणि लहान मुलांना देऊ नका.

रंग गुलाबीवरून केशरट झाला तर बिघाड समजू नका. स्ट्रॉबेरीचा रंग टिकतच नाही. विरजणावर पांढरी साय धरली तर ते टाकून नवं लावा, हिरवी-काळी बुरशी असेल तर बरणीही उकळत्या पाण्यानं धुवा. पेयाला तार सुटली, चमच्यावरून लाळेसारखं ओघळलं, तर सरळ मोरीत.

आणि विचारलं नसलंत तरी सांगते: या कामाला स्ट्रॉबेरीपेक्षा करवंद सरस. साखर कमी झाल्यावर स्ट्रॉबेरीचा वास फिका पडतो, करवंदाचा आंबटपणा आणि गडद रंग राहतो. एप्रिल-मेमध्ये रानातून येतात ती पूर्ण काळी घ्या, कच्च्याचा चीक घशाला धरतो. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, धुवा, बिया न भरडता हातानं कुस्करा. दोन लिटरला १५० ग्रॅम पुरतात, आणि लिंबू मग एकच.