चार एमएमचं भोक

४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, आमच्या प्लांटवर ठरलेला कार्यक्रम असतो. छातीला बिल्ला, शपथ, घोषवाक्य स्पर्धेची बक्षिसं, मॉक ड्रिल, नाश्ता. यंदा डिझाइनचे सर रिटायर होत होते म्हणून त्यांचा सत्कार पण होता आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी प्रोसेस सेफ्टी बघतो.

एचआरने एक फॉर्म दिला. किती प्रोजेक्ट केले, क्षमता किती वाढवली, किती लाख वाचवले. सर १९८५ ला नोकरीला लागले, भोपाळ होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि त्यांचं निम्मं काम म्हणजे लोक जे मागतील त्याला हिशेब मांडून नाही म्हणणं. त्याला फॉर्ममधे रकानाच नाही. दोन दिवस काही सुचेना, मग रेकॉर्ड रूममधे जाऊन नायट्रेशन रिअॅक्टरची जुनी फाइल काढली.

नायट्रेशनमधे, म्हणजे रसायनावर नायट्रिक अॅसिडची क्रिया घडवताना, अॅसिड हळूहळू सोडायचं आणि जॅकेटमधल्या, म्हणजे रिअॅक्टरभोवतीच्या कवचातल्या, ब्राइनने (थंड खारट पाण्याने) उष्णता काढत राहायची. अॅसिड जितकं भराभर तितकी उष्णता जास्त, आणि ब्राइनची ताकद ठरलेली. ती ओलांडली की तापमान कुणाच्या हातात राहत नाही. यासाठी कंट्रोल व्हॉल्व्ह, अलार्म, इंटरलॉक (धोका दिसला की आपोआप बंद करणारी यंत्रणा) सगळीकडे असतात. सरांनी ते दिलंच, पण व्हॉल्व्हच्या पुढे दोन फ्लॅंजमधे, म्हणजे पाइप जोडायच्या कड्यांमधे, स्टीलची एक चकती घातली, मधोमध ४ एमएमचं भोक. आम्ही तिला आरओ, म्हणजे रिस्ट्रिक्शन ऑरिफिस, प्लेट म्हणतो. व्हॉल्व्ह सताड उघडा राहिला तरी त्या भोकातून जाऊन जाऊन जाईल तेवढंच अॅसिड, आणि तेवढ्याला ब्राइन पुरून वर २५ टक्के ताकद शिल्लक. एजिटेटर (आतलं ढवळणारं यंत्र) थांबला तर गोष्ट वेगळी, त्याला वेगळा इंटरलॉक आहे. पण प्लेटला वीज लागत नाही, सिग्नल लागत नाही, रात्री तीनला ऑपरेटरचा डोळा लागला तरी ती तिथेच असते. फ्लॅंजच्या बाहेर तिची शेपटी दिसते, त्यावर टॅग नंबर आणि भोकाचं माप पंच केलेलं. इतकी साधी आणि इतकी पक्की गोष्ट मी या लाइनमधे दुसरी पाहिली नाही.

फाइलमधे २०१४ चं प्रोडक्शनचं पत्र होतं. प्लेट ५ एमएमची करा, आठ तासांचं डोसिंग, म्हणजे अॅसिड सोडणं, पाच तासांत होईल. खाली तीन सह्या, त्यातली एक माझी, मी तेव्हा प्रोडक्शनला होतो. मागे सरांचा हाताने केलेला एक पानी हिशेब आणि खाली दोन ओळी, भोक ५ केलं तर अॅसिड दीडपटीच्या वर जातं, आधी ब्राइन वाढवा मग बोलू.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला बसवून इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोचं सांगितलं होतं ते आठवलं. १९७४ साली तिथे एका रिअॅक्टरला तडा गेला म्हणून तो काढला आणि प्लांट चालू राहावा म्हणून मधे २० इंची बायपास पाइप बसवला. त्या पाइपचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती. १ जूनला तो पाइप निखळला, स्फोट झाला, २८ माणसं गेली, शनिवार होता म्हणून ऑफिसं रिकामी होती. आम्ही मान डोलावली आणि कॅंटीनमधे येऊन म्हातारा घाबरट आहे म्हणालो. मीही म्हणालो.

त्याच फाइलमधे जुलै २०१६ च्या एका रात्रीच्या तापमानाच्या आलेखाची झेरॉक्स स्टेपल केलेली होती. डोसिंगचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा अडकला, तापमान २८ वरून ३३ वर गेलं आणि तिथेच थांबलं. शिफ्ट लॉगमधे एक ओळ, व्हॉल्व्ह अडकला, हाताने लाइन बंद केली, बॅच ओके. निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, म्हणून कुणी नोंद केली नाही, ३३ ला का थांबलं हे कुणी विचारलं नाही. झेरॉक्सवर सरांनी पेन्सिलीने एक बाण काढून ठेवला होता, बस.

मानपत्रात मी हे सगळं घातलं, माझ्या सहीसकट. वाचताना हॉल शांत झाला. शाल, श्रीफळ झालं, सर खाली आले, माझा हात धरला आणि विचारलं, "अरे, प्लेट शेवटची कधी मोजली?"

मला माहीत नव्हतं. चेकलिस्ट काढल्या, वर्षानुवर्षं एकच टिक, आरओ प्लेट, व्हिज्युअल ओके. फ्लॅंजमधे बसलेल्या प्लेटचं व्हिज्युअल काय बघणार, शेपटी दिसते फक्त. मेकॅनिकलवाले म्हणतात ती इन्स्ट्रुमेंटची, इन्स्ट्रुमेंटवाले म्हणतात पायपिंगची, आणि ऑडिटला येणाऱ्यांना टिक दिसली की पुरे.

पुढची बॅच थांबवली. परमिट काढलं, लाइन ड्रेन करून धुतली, प्लेट बाहेर आली. भोकाची धार गोल झाली होती, अॅसिडने खाल्लेली. व्हर्नियर लावला, ४.६. सरांना फोन केला तर त्यांनी तोंडीच हिशेब केला. "बत्तीस टक्के जास्त जातंय. म्हणजे मी ठेवलेलं मार्जिन संपून वर गेलं की रे."

जी गोष्ट आम्ही मागितली आणि त्यांनी नाकारली, ती आमच्या न मोजण्याने आपोआप होत आली होती. ४.४७ ला मार्जिन संपतं, मी काढून बघितलं. ते आम्ही कधी ओलांडलं, त्यानंतर किती बॅच घेतल्या, याचा हिशेब मी अजून लावतोय आणि लागत नाही, कारण मापच नाही कुठलं. बसवतानाचं ४.० आणि आताचं ४.६, मधे नुसत्या टिका.

नवी प्लेट बसली, भोक माझ्यासमोर मोजलं. दर सहा महिन्यांनी काढून मोजायची असं शेड्यूलमधे टाकलंय. जबाबदारी कुठल्या डिपार्टमेंटची यावर मेलामेली अजून चालू आहे, तोवर त्या रकान्यात मी माझं नाव लिहिलंय.