तुम्ही विचारलंत म्हणून: दहा वर्षांच्या पोराला बॉम्बस्फोटाचं पुस्तक?

आमच्या मिशिगनमध्ये मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये म्हणा, गणपतीत म्हणा, पाचवीतल्या मुलांचे आईबाबा भेटले की हा विषय निघतोच. "अगं तुझ्या लेकाने ते वॉटसन्सचं पुस्तक वाचलं ना, शेवटी चर्चमध्ये बॉम्ब फुटतो म्हणे, एवढ्याशा मुलांना झेपतं का?" दर वेळी उभ्या उभ्या काहीतरी सांगते आणि अर्धंच राहतं, म्हणून आता नीट बसून लिहितेय.

'द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम - १९६३', लेखक ख्रिस्तोफर पॉल कर्टिस, १९९५ मध्ये आलं, पुढच्या वर्षी न्यूबेरी ऑनर हा बालसाहित्याचा मानाचा सन्मान मिळाला. गोष्ट सुरू होते ती फ्लिंटमध्ये, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. ब्लॅक कुटुंबातला दहा वर्षांचा केनी सांगतोय, घरात आईबाबा, तेरा वर्षांचा वांड भाऊ बायरन आणि धाकटी जोई.

तर झेपतं. आणि झेपतं कारण पुस्तकाचा बहुतेक भाग सिव्हिल राइट्सबद्दल, म्हणजे ब्लॅक लोकांच्या समान हक्कांच्या लढ्याबद्दल, नाहीच आहे! पंधरा प्रकरणं आहेत आणि बॉम्ब चौदाव्यात फुटतो. तोपर्यंत काय, तर बायरनचे उद्योग. कडाक्याच्या थंडीत हे ध्यान गाडीच्या आरशात स्वतःला बघून खूश होतं, आरशाची पप्पी घेतं आणि ओठ तिथेच गोठून चिकटतात, बाबा हसू दाबतायत, आई घाबरलीये आणि शेवटी तीच त्याचं डोकं धरून सरळ खेचून काढते. माझा लेक हे वाचताना पलंगावरून खाली पडायचा बाकी होता. पण हाच बायरन एकदा गंमत म्हणून एका होल्याला बिस्किट फेकून मारतो, नेम लागतो, पक्षी मरतो, आणि याला ओकाऱ्या होतात, मग तो त्या पक्ष्याला नीट पुरतो. केनीला कळतच नाही की आगपेटीशी खेळून आईचा संताप ओढवून घेणारा हा दादा एका पक्ष्यासाठी एवढा का हलला. लेखक पण समजावून सांगत बसत नाही, मला हे फार आवडतं.

काही जण म्हणतात ही सुरुवातीची प्रकरणं टाइमपास आहेत, मुलांना डायरेक्ट अलाबामाचा (बर्मिंगहॅम याच राज्यात आहे) भाग वाचायला द्यावा. अजिबात नको! तुमच्या पोराला जोई आधी आपली वाटली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं नुसतं सोशल स्टडीजचं होमवर्क होतं. पुस्तक लिहिलं गेलं तेसुद्धा असंच. कर्टिस फ्लिंटच्या मोटार कारखान्यात तेरा वर्षं गाड्यांना दारं लावायचे, तिथे त्यांनी आणि जोडीदाराने सेटिंग केलं होतं की एकेक दार आळीपाळीने लावण्याऐवजी एकाने सलग तीस लावायची, तोवर दुसरा मोकळा, आणि त्या मोकळ्या अर्ध्या तासात ते काहीबाही लिहीत बसायचे. लिहायची सवय तिथली, हे पुस्तक मात्र कारखाना सोडल्यावरचं. आणि हे वॉटसन कुटुंब आधी चाललं होतं फ्लोरिडाला! मग कर्टिस यांच्या मुलाने डडली रँडल या कवीची बर्मिंगहॅमच्या स्फोटावरची कविता घरी आणली आणि लेखकाने गाडी अलाबामाकडे वळवली. म्हणजे कुटुंब आधी होतं, इतिहास नंतर आला.

पुस्तकाचं नाव हेही मुळात आईने प्रवासाच्या वहीला दिलेलं नाव आहे. बायरनला सुधारायला बर्मिंगहॅमला आजीकडे पोचवायचंय, तर कुठे थांबायचं, काय खायचं, सगळं तिने लिहून काढलंय. आपल्याकडची कोणतीही आई हेच करेल, पण तेव्हा ब्लॅक कुटुंबाला रस्त्यातल्या कुठल्याही मोटेलमध्ये खोली मिळेल असं नव्हतं, कुठे मिळते हे सांगणारं गाइडच १९३६ पासून निघायचं. ही वही मात्र मुलांसोबत बसून वाचा.

आता तो भाग. जोई संडे स्कूलला गेलेली असते, स्फोट होतो, केनी तिला शोधत चर्चमध्ये जातो आणि ढिगाऱ्यात त्याला चकचकीत काळा बूट दिसतो. जोई वाचलेली असते, हे मी आधीच सांगून टाकते कारण तुमची झोप उडायला नको, पण मुलांना सांगू नका. रक्तपाताचं वर्णन थोडकंच आहे. खरा जड भाग त्यानंतरचा, फ्लिंटला परत आल्यावर केनी सोफ्याच्या मागे लपून बसतो, कुणाशी धड बोलत नाही, आणि त्याला तिथून बाहेर काढतो तो बायरनच.

वॉटसन्स काल्पनिक आहेत पण स्फोट खरा. १५ सप्टेंबर १९६३, रविवारची सकाळ, सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च, चार मुली गेल्या, तिघी चौदा वर्षांच्या आणि डेनिस मॅकनेर अकरा वर्षांची. "पकडलं का त्यांना?" हे मुलं विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेची माणसं होती, पहिल्याला शिक्षा झाली १९७७ मध्ये, पुढच्या दोघांना २००१ आणि २००२ मध्ये. लेक म्हणाला, मग एवढी वर्षं ते काय करत होते? मी म्हटलं, राहत होते आपापल्या घरी. तो बराच वेळ चिडलेला होता आणि मी त्याला चिडू दिलं.

आणि हो, "आपला काय संबंध" म्हणणाऱ्यांसाठी. वर्णभेदाला बंदी घालणारा सिव्हिल राइट्स अॅक्ट १९६४ चा. देशागणिक कोटे काढून टाकून आपल्यासारख्यांना दार उघडणारा इमिग्रेशन कायदा त्याच्या पुढच्याच वर्षीचा, त्याच लाटेतला. एच-वन व्हिसावर चर्चा करताना आपण हे सोयीस्कर विसरतो.

वयाचं म्हणाल तर पाचवी-सहावी बरोबर, दुसरी-तिसरीत थांबा. शेवटची दोन प्रकरणं मात्र रात्री झोपताना नको, शनिवारी दुपारी वाचा आणि तुम्ही घरात असा.