ठरवलेली बस आणि आलेली बस

अडतीस माणसं, तीन दिवस, दोन रात्री. बस ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मागच्या सहलीत सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली होती.

महिनाभर आधी यार्डात जाऊन बस डोळ्यांनी पाहिली. फिटनेस, विमा, परमिट, सगळ्यांच्या तारखा वाचल्या. विम्यात प्रवासी धरलेत का, आसनं किती लिहिलीत, तेही पाहिलं. सगळं चोख. खूश होऊन आगाऊ रक्कम दिली.

निघायच्या दिवशी पहाटे साडेपाचला उभी राहिली ती बस वेगळीच! "ती गॅरेजला गेली साहेब. ही आपल्याच मित्राची, सेम आहे." म्हणजे कागद वाचले एका बसचे आणि जीव टांगायचा दुसरीवर. या धंद्यात हे सर्रास चालतं: बुकिंग एकाचं, गाडी दुसऱ्याची. म्हणून खरी तपासणी दारात आलेल्या बसचीच करायची.

माझी टॉर्च सामानात तळाशी गेलेली, म्हणून मोबाईलच्या उजेडात चाकापाशी उकिडवा बसलो. टायरच्या बाजूवर 'डीओटी'ने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. तिथे ३११६ होतं, म्हणजे २०१६ सालच्या ३१व्या आठवड्यात बनलेला टायर. पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला छापतात. बाहेर दिसला नाही तर आतून पाहावा लागतो, कपडे मळतात. नक्षी चांगली खोल होती, त्यामुळे कोणालाही टायर नवाच वाटला असता. पण नखाने चाचपलं तर रबराला बारीक भेगा. आणि हे पुढचं चाक! पुढचा टायर फुटला की स्टिअरिंग हातात राहत नाही. अमेरिकेत तर बसच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला) लावायलाही बंदी आहे.

आत गेलो. मागच्या आपत्कालीन दाराची कडी तारेने बांधलेली, "वाटेत खडखडते म्हणून". काच फोडायच्या हातोडीचा हूक रिकामा. (हातोडी असली तर काचेच्या कोपऱ्यात मारायची, मधोमध नाही.) अग्निशामकाचा काटा हिरव्यात होता, तेवढंच समाधान.

मग ड्रायव्हरदादांना सहज विचारलं, "रात्री झोप झाली का?" ते म्हणाले, "झाली की." मागून क्लीनर पोरगा जांभई देत बोलला, "आत्ताच तर ट्रिप सोडून आलो." दादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगा टायर पुसायला लागला. माझ्यासाठी विषय तिथेच संपला. टायर बदलता येतो, झोप कुठून आणणार? युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि दिवसाला साधारण ९ तासांची मर्यादा. तो हिशेब मी आता कुठेही लावतो. रात्रभराचा पल्ला असेल तर दुसरा ड्रायव्हर मागा, आणि तो खरंच बसमध्ये चढलाय का ते बघा.

सामान खाली उतरवलं. मालकाशी तासभर हुज्जत, आमच्यातल्याच काहींची तोंडं वाकडी ("उगाच नाटकं"). साडेतीन तासांनी दुसरी गाडी, दुसरा ड्रायव्हर. पहिल्या दिवसाचं एक ठिकाण हुकलं, त्याबद्दल अजून ऐकून घेतोय.

आता करारात तीन ओळी हाताने लिहून सही घेतो: बसचा नंबर, बदली गाडी असेल तर तिचे कागद आदल्या दिवशी, उरलेली रक्कम बस पाहिल्यानंतर. शेवटच्या ओळीला जो मालक कां कूं करतो, त्याच्याकडे पुढे बोलणीच करत नाही. आणि टॉर्च खिशात ठेवतो.